आधी तू बघ

प्रिय बेकरीवाल्या,

टीव्हीच्या सबस्क्रिप्शनचं काम तू माझ्या गळ्यात मारलंस आणि त्यानंतर एका शब्दाने विचारलं नाहीस. ढब्बूचा पुढचा सामना येत्या रविवारी आहे, गुडघा बरा झाल्यानंतरचा पहिलाच, हे तुला माहीत आहे. तरी विचारलं नाहीस, म्हणजे ही बाई ते करून टाकणार याची तुला खात्री आहे. खात्री बरोबर आहे. काम झालं आहे. काय घेतलं ते शेवटी लिहिते. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून आत्ताच बजावते, पानं उलटू नकोस. क्रमाने वाच. हवं तर चहा घेऊन बस.

गेले काही दिवस मी निरनिराळ्या कंपन्यांच्या मदत केंद्रांशी इतकं बोलले आहे की आपली कहाणी मला पाठ झाली आहे. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. आमची मुलगी परक्या देशात हॉकी खेळते, एका लहानशा क्लबची गोलरक्षक आहे. तिच्या लीगचे सामने नेहमीच्या चॅनलवर येत नाहीत, इंटरनेटवरूनच बघावे लागतात. आम्ही आईवडील दोघंही बघतो, पण दोन घरांतून. मी पाचव्या मजल्यावर, तिचे बाबा पुलापलीकडे बेकरीच्या माळ्यावर. इथवर आलं की पलीकडचा माणूस उगाच जास्त नम्र व्हायचा. एकीने तर हळूच विचारलं, मॅडम, दोघांची वेगळी खाती करून देऊ का? मी म्हटलं, बाई, तू टीव्हीचं बोल.

जुन्या कंपनीचं चित्र अधूनमधून अडकायचं, ते आपण चालवून घेतलं होतं. पण त्या दिवशी पेनल्टी कॉर्नरला त्यांच्या पोरी धावत आल्या, आपली एक बचाव करणारी घसरली ती थेट ढब्बूच्या पायावर, ढब्बू खाली गेली आणि नेमकं तिथेच चित्र थिजलं, तुझ्याकडचंही. मधोमध ते गोल चक्र फिरत राहिलं. फोन चालू होता. तू विचारत होतास, काय झालं, सांग ना काय झालं. मी म्हणत होते, मला दिसत नाहीये. तू म्हणालास, तुला दिसतंय, तू सांगत नाहीयेस. आणि मग ओरडलास. इतक्या वर्षांत तू माझ्यावर पहिल्यांदा आवाज चढवलास, तोही एका फिरणाऱ्या चक्रापायी. पुढे ढब्बूनेच कपडे बदलायच्या खोलीतून फोन केला. गुडघ्यावर बर्फ, तोंडात बिस्कीट, आणि म्हणे, मुरगळलाय फक्त, रडारड नको. तू तिला म्हणालास, मी कुठे रडतोय, आणि फोनवरच नाक शिंकरलंस.

तुझा संशय तसा रास्त होता, हे मी मान्य करते. माझ्याकडे भिंतीतून आलेली वायर थेट टीव्हीला जाते, तुझ्याकडे मैद्याच्या पोत्यांमागे दडलेल्या त्या जुनाट राउटरमधून वाट काढत चित्र तुझ्या फोनवर पोचतं. म्हणून एकच सामना मला आधी दिसतो आणि तुला जरा मागाहून. बाकीचं जग या उशिराला शिव्या घालतं. आपण त्यावर संसार मांडला. चेंडू ढब्बूने अडवला की मी फोनवर म्हणणार, 'बघ', आणि तू बघणार. चेंडू आत गेला की मी म्हणणार, 'भट्टी बघून ये', आणि तू फोन पालथा ठेवून खाली भट्टीपाशी जाणार. रविवारी दुपारी बेकरी बंद असते. थंड भट्टीत तू इतक्या वेळा काय बघितलंस कोण जाणे. पण परिणाम असा की, तुझ्या डोळ्यांपुरतं बोलायचं तर आपल्या मुलीने आजवर एकही गोल खाल्लेला नाही. जगातल्या कुठल्याही गोलरक्षकाच्या वाट्याला असा बाप आला नसेल.

तर नव्याची निवड. तिघांना आजमावून पाहिलं. आजकाल सगळेच आधी काही दिवस फुकट देतात आणि आपण रद्द करायला विसरू यावर भिस्त ठेवून असतात. मी विसरले नाही. पहिली कंपनी नटवी. उघडल्याबरोबर इतकी चित्रं अंगावर येतात की आपण काय बघायला बसलो होतो तेच आठवत नाही. हॉकी शोधलं तर बर्फावरची हॉकी दाखवली, आणि एक कार्टून, ज्यात अस्वलाच्या हातात काठी होती. मदत केंद्रातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, तुमची आवड आम्हाला हळूहळू कळत जाईल. मी म्हटलं, माझी आवड मलाच सांगता येते, तुम्ही फक्त लीग आहे की नाही ते सांगा. नव्हती.

दुसरा माणूस शेजारणीचा जावई. एक काळी डबी घेऊन आला, म्हणे जगातली सगळी चॅनलं हिच्यात आहेत, काकू, डोळे मिटून घ्या. डोळे मिटून घ्यायची वस्तू टीव्ही कशी असेल, असं मी त्याला विचारलं, तो नुसता हसला. डबी आठवडाभर छान चालली. रविवारी दुसऱ्या कुठल्यातरी क्लबचा सामना मुद्दाम लावून पाहिला तर सगळं अंधारात गेलं, आणि जावयाचा फोनही त्याच सुमारास बंद. सोमवारी भेटला तेव्हा म्हणाला, काकू, रविवारी सगळेच बघतात ना, म्हणून लोड येतो. म्हणजे ज्या दिवशी हवं त्या दिवशी सोडून बाकी सगळ्या दिवशी उत्तम. डबी त्याच्या हातात ठेवली. शेजारीण हल्ली जिन्यात माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

तिसरं म्हणजे लीगचं स्वतःचंच सबस्क्रिप्शन. दिसायला अगदी गरीब. नाटक नाही, सिनेमा नाही, हॉकी आणि फक्त हॉकी. समालोचन करणारा बहुधा क्लबचाच कुणीतरी असतो, मध्येच खेळाडूंच्या आयांना नावाने हाका मारतो. मी त्याची लिफ्टसारखी चाचणी घेतली. आम्ही लिफ्ट तपासणारे ती रिकामी तपासत नाही, वाळूची पोती भरून तपासतो. म्हणून सामना लावला आणि घरातलं जे जे इंटरनेट खातं ते ते एकदम सुरू केलं. बहिणीला व्हिडिओ कॉल लावून टेबलावर ठेवली, ती बिचारी तासभर माझ्या छताशी बोलत होती. चित्र हललं नाही. मग मी वायरच उपटली. कारण कधीच न थांबणारी लिफ्ट मी अजून पाहिलेली नाही. थांबल्यावर ती काय करते ते बघायचं असतं. चांगली लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते. वायर परत लावली तर या सबस्क्रिप्शनने सामना जिथे तुटला होता तिथूनच पुढे दाखवला, मधलं काही गाळलं नाही, आणि पडद्यावर साध्या शब्दांत लिहिलं की, संपर्क तुटला होता, आता आला आहे. चक्र नाही, लपवाछपवी नाही. मला तिथेच पसंत पडलं.

यांच्या मदत केंद्रात एकच माणूस असावा, कारण कधीही फोन केला तरी तोच खोकत उचलतो. मी त्याला खोकलेबुवा म्हणते, मनात. त्याने आपली सगळी व्यवस्था शांतपणे ऐकून घेतली, वायर, पोती, राउटर, आणि म्हणाला, ताई, काळजीच सोडा, आमच्याकडे दोन्ही घरी चित्र जवळजवळ एकाच वेळी पोचेल. त्याला वाटलं मी खूश होईन. मी त्याला विचारलं, एका घरी मुद्दाम उशिरा पाठवता येईल का? पलीकडे खोकलासुद्धा थांबला. मग म्हणाला, उशीर विकत मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच गिऱ्हाईक. आणि जरा विचार करून, ताई, काकांना म्हणावं पॉज दाबून बसा थोडा वेळ. पॉज दाबायचं तू लक्षात ठेवशील, यावर माझा भरवसा नाही. विश्वासाची वस्तू शोधायला निघाले होते आणि ती मिळाल्यावर माझ्या लक्षात आलं की मला हवी होती ती पुन्हा तीच जुनी खोट.

तुला आठवतं का, लग्नानंतर तू माझ्या कामावर यायचास? दुरुस्ती झाली की पहिली फेरी तपासणाऱ्याने एकट्याने करायची, हा आमचा नियम. मी वरच्या मजल्यापर्यंत जाऊन खाली यायची आणि तू तळमजल्यावर पावाची पिशवी छातीशी धरून, भिंतीकडे तोंड करून उभा असायचास. मिस्त्री लोक हसायचे. दार उघडल्याचा आवाज आला की तू वळायचास आणि म्हणायचास, आलीस? जणू मी बाजारातून आले आहे. मला ते फार आवडायचं. बघायची हिंमत नाही, पण निघून जायचीही तयारी नाही, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढे बेकरीचं काम वाढलं, तुझं येणं थांबलं, आणि पहिली फेरी हा माझाच मक्ता झाला, घरातसुद्धा. ढब्बूची लस, ढब्बूचा निकाल, तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा तिच्या खोलीचं दार. आधी तू बघ, तू म्हणायचास, आणि मी बघून यायची आणि एका ठरावीक आवाजात सांगायची. त्या आवाजावर तू इतका विसंबलास की शब्द ऐकायचंच सोडून दिलंस.

मग माझी गाठ निघाली. तपासणीचा निकाल घ्यायला जायचं होतं त्या सकाळी तू बूट घालून तयार होतास, मी पाहिलं होतं. दारापर्यंत आलास. आणि म्हणालास, आधी तू बघून ये, मी इथेच थांबतो. मी गेले. तिथल्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जोडपी होती. निकाल चांगला होता, काही नव्हतं, हे तुला ठाऊकच आहे. परत आल्यावर मी तुला त्याच आवाजात सांगितलं आणि तू आनंदाने स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी भाजायला घेतलंस. मी चप्पल काढून तशीच उभी होते. मला त्या दिवशी तुझा राग आला. खूप आला. मी तो बोलले नाही, आणि तू विचारलं नाहीस. नंतर पहाटेची भट्टी म्हणून तू आठवड्याचे दिवस माळ्यावर राहू लागलास, मग रविवार, मग तुझी दाढीची पेटी गेली. भांडण झालं असतं तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं.

हे सगळं आज उकरून काढायला एक निमित्त झालं. परवा ढब्बूचा फोन होता. गुडघ्याला पट्टा लावून सराव करते आहे, प्रशिक्षकाने रविवारी उभं करायचं नक्की केलं आहे. बोलता बोलता म्हणाली, आई, बाबा नेहमी मी अडवलेल्या चेंडूंबद्दलच बोलतात गं. मी गोल खाते तेव्हा ते कुठे असतात? भट्टीपाशी असतात, असं सांगणार होते, पण ते तुझं तू सांगावंस असं वाटलं. तिने तक्रार केली नाही, बरं का. आवाज तिचा अगदी शांत होता. माझ्यासारखा.

आणि आणखी एक सांगायचं राहिलं आहे. ते चक्र फिरत होतं तेव्हा मी काय करत होते, हे तू कधी विचारलं नाहीस. मी टीव्हीसमोर जमिनीवर बसले होते. इतकी जवळ की काचेची ऊब गालाला लागत होती. फोन सोफ्यावर पडला होता आणि त्यातून तू ओरडत होतास, सांग ना, सांग ना. आणि मी मूर्खासारखी फोनकडे बघत होते, की कुणीतरी मला सांगावं. माझ्या आधी बघून आलेलं कुणीतरी असावं आणि त्याने त्या ठरावीक आवाजात म्हणावं, काही नाही, ठीक आहे, ये. तसं कुणी नव्हतं. मी घाबरले होते रे. एकदा पहिल्या फेरीत लिफ्ट मधेच थांबून दिवे गेले तेव्हाही इतकी घाबरले नव्हते. त्या वेळी निदान खाली तू उभा होतास.

आता सबस्क्रिप्शन. लीगचंच घेतलं आहे. दर महिन्याला नवं करता येतं, नको वाटलं तर एका बटणावर बंद, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. एक अट आहे, ती खोकलेबुवांनी दोनदा समजावून सांगितली. एका वेळी ते एकाच पडद्यावर चालतं. दुसऱ्या घरी कुणी लावलं तर पहिल्या घरचं आपोआप बंद पडतं. तो म्हणाला, ताई, तुम्हाला दोन लागतील, दोन घरं आहेत ना. मी म्हटलं, एकच द्या. तर ते एकच आहे आणि ते माझ्या टीव्हीवर आहे. रविवारी दुपारी तू पूल ओलांडून ये. लिफ्ट चालू आहे, मीच तपासली आहे, वर यायला हरकत नाही. हे फोनवर सांगता आलं असतं, पण माझा आवाज ऐकल्याबरोबर तू त्यावरून सगळं ठरवून मोकळा झाला असतास. कागदाला आवाज नसतो, म्हणून पत्र लिहिलं. यात मी सांगितलेलं तुलाच वाचावं लागलं, माझ्या तोंडाकडे न बघता. सोफ्याची डावी बाजू अजून तुझ्या वजनाने दबलेली आहे, तिथे बस. मी शेजारी बसेन. चेंडू आला की या वेळी मी 'बघ' म्हणणार नाही, कारण मलाही तुझ्या आधी दिसणार नाही. माझ्या घरात भट्टी नाही. गोल गेला तर जाईल. पोरगी उठून हातमोजे झटकेल, आणि तेव्हा आपण दोघं तिच्याकडे बघत असू. मला आता पहिली फेरी एकटीने करायची नाही.

तुझीच,
अजूनही पाचव्या मजल्यावरची
लिफ्टवाली